बुडावरचा आकडा

झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या रायफल क्लबमधून आणून हे घरी त्या दुसऱ्या मापाच्या करतात. आधी पितळेची मान तापवून मऊ करायची, मग साच्यात दाबायची. न तापवता दाबली तर मान तडकते म्हणे. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं, माझं माहेरचं ‘कुसुम’ संपलं, तेव्हा मीही मान खाली घालूनच बसले होते.

आज तयार झालेली एक पुंगळी सहज उलटी केली. बुडावर जुन्याच मापाचा आकडा.

“हा पुसत नाही का हो तुम्ही?”

“कशाला? राहू दे की. जुन्या बंदुकीत आता ती थोडीच बसणार आहे!”

पितळेने जुनं नाव राखलं तरी. मला आता माहेरीसुद्धा सुनंदाच म्हणतात.