तोरणाखालची झडती

"मारा, पण ऐकून मारा," असं म्हणूनच तो तोंड उघडायचा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीही तेच. आम्ही दोघं माझ्या बैलांची खांदशेकणी करत होतो. मी खांद्याला तूप-हळद चोळत होतो, तो बैलाच्या कानात सांगत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आबाच्या हातचं हाय, मीठ घरून आना." मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला. तो हसला. आमचं शेवटचं काम ते.

शेजारचा पोरगा, बारावी झालेला. झडत्या रचायचा. आमच्याकडचा पोळा तुम्ही पाहिला असेल तर माहीत असेल. तोरणाखाली बैल उभे राहतात, एकेक जण पुढे येतो आणि यमक जुळवून गावातल्या कोणाचीही खोड काढतो, ती झडती. मग तोरण तोडतात आणि पोळा फुटतो. याला पोळ्यापर्यंत दम निघायचा नाही. मास्तरवर रचली, मास्तरने कानाखाली जाळ काढला. भावाच्या दारूवर रचली, भावाने पुढचा दात पाडला. तेव्हापासून त्याच्या झडतीत शिट्टी वाजायची.

माझी बायको त्याला भाकर वाढताना म्हणायची, "मेल्या, तुहं तोंडच तुले खाईन." ती गेली. तेरवीला याने तिच्या करपलेल्या वरणावर झडती म्हटली. मी काठी घेऊन शेताच्या पांदणीपर्यंत मागे धावलो. तिथे दोघंही धापा टाकत बसलो आणि ती गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो.

त्याला पुण्याच्या नाटकाच्या कॉलेजात जायचं होतं. त्यांचं म्हणणं, तुम्ही स्वतः रचलेलं लोकांपुढे करून दाखवा आणि व्हिडिओ अर्जासोबत पाठवा. अर्ज भरायला गेलो तर संग्रामपूरचा नेट कॅफेवाला म्हणाला, "काऊन बे, झडती काय कला हाय? तबल्याचं सर्टिफिकेट आन." याने त्याची कॉलर धरली. मी सोडवलं.

"भिंतीपुढं झडती होत नाही, आबा. समोर चिडनारा मानूस लागते. पोळ्यातच म्हनतो, तुमी मोबाईल धरा."

"टाकीच्या ठेकेदारावर म्हनू नको."

"तोरनाखालचं कोनी मनाले लावून घेत नाही. रिवाज हाय."

होताच रिवाज. माझ्या बापाने तोरणाखाली खुद्द पाटलाला चोर म्हटलं होतं, आणि संध्याकाळी पाटलाकडूनच पुरणपोळी आली होती. सारं गाव त्याच भरवशावर जगत होतं.

तो तोरणाखाली उभा राहिला.

"टाकी बांधली गावासाठी, पानी नाही नळाले,
ठेकेदाराच्या म्हशी पोहती, घागर आमच्या गळ्याले!"

बाया ओट्यावरून खदखदून हसल्या. ठेकेदार हसला नाही. त्याच्या दोन पुतण्यांनी बैलगाडीच्या लाकडी उभाऱ्या उपसल्या. "मारा, पण ऐकून..." एवढंच निघालं. पहिला घाव तोंडावर. मग डोक्यावर. मग पडल्यावरही. बैल बिथरले, माणसं पळाली. पोळा फुटायच्या आधी त्याचं डोकं फुटलं. मी मधे पडलो तर माझा डावा हात मोडला. उजव्यात मोबाईल होता, चालूच.

खामगावच्या दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. डोकं माझ्या मांडीवर होतं.

घरी आलो तर दारात ठेकेदाराचा माणूस. "आबा, पोरगा बैलाच्या पायाखाली आला. मोबाईल द्या." मी कुऱ्हाड उचलली. माणूस निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने संग्रामपूर गाठलं. पोळ्याची कर पाळतात, म्हणून नेट कॅफे बंद. मी शटरवर लाथा घातल्या, तेव्हा कॅफेवाल्याने आतून उघडलं. व्हिडिओ पाहून त्याने शटर परत खाली ओढलं.

"आबा, कॉलेजवाल्यायले झडतीपुरतंच पाह्यजे. पुढचं मारहानीचं कापू का?"

"कापू नको."

"पन आता तो..."

"त्यानं अर्ज भरला हाय. तू पाठव."

त्याने पाठवला. मी मोबाईल खिशात घातला आणि ठाण्याकडे चालू लागलो.