गुदैबियातलं एका दिवसाचं रेडिओ केंद्र

आमच्या ग्रुपमध्ये किस्से साठतात ते स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या रबर बँडसारखे. कोणी मुद्दाम गोळा करत नाही, टाकवतही नाहीत, आणि एक ओढला की चार बरोबर येतात. त्या शुक्रवारचे तर इतके झालेत की कोणता कोणी सांगायचा यावर वाद होतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी प्रकरण काय होतं ते. इंगळे काका मूळचे अकोल्याकडचे, बहरीनमध्ये एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, राहायला मनामा शहरातल्या गुदैबिया वस्तीत. नोकरीच्या शेवटच्या तीन वर्षांत त्यांनी सुट्टीच्या दिवशी बसून जुने व्हॉल्व्ह वापरून एक रेडिओ ट्रान्समीटर बांधला. अगदी सुरुवातीच्या काळात असायचा तसा. लाकडी पेटी, पितळी बटणं, आत लालसर पेटणारे काचेचे व्हॉल्व्ह. ही पेटी त्यांना गावच्या बुद्धविहारातल्या वाचनालयात ठेवायची होती.

मी तेव्हा एडिनबराहून रेडिओचा इतिहास शिकून नुकतीच बहरीनला घरी परतले होते आणि कोणी विचारलं नसतानाही त्यावर बोलत होते. मी म्हटलं, "काका, न्यायच्या आधी एक दिवस खरंच चालवू या. रेकॉर्डिंग नाही, मोबाइल नाही. सगळं लाइव्ह, एका माईकवर, त्या काळात व्हायचं तसं."

काका म्हणाले, "पोरी, परवानगी कोण देईल तुले?"

सरकारी खात्याकडून परवानगी मिळाली. एक दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आवाज दोन-तीन गल्ल्यांपुरता. अट एकच: पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ प्रसारण गप्प राहिलं तर खेळ तिथेच संपला, आणि पेटी सील होऊन जमा. काका-काकू रविवारी कायमचे निघणार होते. जमा झालेली पेटी सोडवायला मागे कोणीच उरणार नव्हतं.

तपासायला त्याच खात्याचे अबू युसुफ नावाचे एक साहेब आले. पांढरा शुभ्र पायघोळ झगा, हातात छापील तक्ता, चेहऱ्यावर काहीच भाव नाही. काकांच्या घरासमोरच्या फुटपाथला गाडी लावली, आतला रेडिओ आमच्यावर लावला आणि बसले.

* * *

त्या काळातले निवेदक कोणाला दिसत नसले तरी कोट-टाय घालून माईकसमोर उभे राहायचे. मला हे फार सुंदर वाटतं. समोर कोणी नाही, तरी ऐकणाऱ्याचा मान ठेवायचा. म्हणून मी दत्तादादाला कोट घालायला लावला. दत्तादादा संगमेश्वरचा, इथे मिनीबस चालवतो. आवाज खणखणीत, म्हणून निवेदक तोच.

"कोट कोणाला दिसणाराय?"

"कोणालाच नाही. म्हणूनच घालायचा."

"तुझ्या कॉलेजात एसी होता काय गो?"

मुद्दा बरोबर होता. एसीची घरघर माईकमध्ये जाते, म्हणून काकांनी एसी बंद ठेवला होता. बाहेर बहरीनचा जून. बरोबर आठ वाजता दत्तादादाने बहरीनमधल्या तमाम श्रोत्यांना नमस्कार केला, तारीख सांगितली, वार सांगितला. पुढची ओळ माझ्या कागदावर नव्हती.

"आमी इथं कोट घालून उभे आहोत. एसी बंद आहे. तुमी बसून ऐका."

* * *

हवामान आणि बातम्या सुजाताताईकडे. ताई इथल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स, वीस वर्षांची सर्व्हिस. आवाज इतका मोठा, की काकांनी जमिनीवर खडूने रेघ मारून तिला माईकपासून दहा फुटांवर, किचनच्या दारात उभं केलं.

ताईने बातम्या दिल्या त्या ड्यूटी संपताना पुढच्या नर्सला पेशंट सोपवतात तशा.

"तापमान एकेचाळीस. काल बेचाळीस होतं. सुधारणा आहे. वारा सकाळपासून नाही. दुपारी परत बघायचं. समुद्र शांत आहे, झोपलाय, उठवू नका."

मी तिला खूण केली की मजकुरात नसलेलं बोलू नको. तिने माईकवरूनच विचारलं, "काय झालं? चक्कर येतेय का तुला? पाणी पी."

* * *

मुलांचा कार्यक्रम हा माझा हट्ट. आमच्याकडची मुलं इंग्लिश शाळेत जातात. मराठी समजते, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. मीही तशीच वाढले आणि त्याची टोचणी मला परदेशात लागली. म्हणून मी ठरवलं, पंधरा मिनिटं, पाच मुलं, फक्त मराठी.

मुलं माईकसमोर उभी राहिली आणि गोठली.

"तुला काय खायला आवडतं?" मी विचारलं.

मान हलली. रेडिओवर मान हलते ते कोणाला दिसत नाही.

"सुट्टीत कुठे जाता?"

एक हात वर गेला. तो बंद पंख्याकडे.

मी बोलत राहायला हवं होतं, पण मी कागदात पुढचा प्रश्न शोधत राहिले. काकांनी घड्याळ वर धरलं. एक मिनिट. दोन. तीन. एवढ्यात रांगेतल्या सात वर्षांच्या ईशानने, मागे बसलेल्या आईकडे वळून, गल्लीत ऐकू जाईल असा सूर लावला.

"आई, ही मला ढकलतेय!"

"खोटं बोलतोय," त्याची बहीण म्हणाली. "यानेच आधी पाय दिला. आई, याला सांग ना."

"तू काल माझी पेन्सिल मोडलीस."

"तू माझ्या वहीवर आंबा सांडलास."

मग उरलेले तिघेही आपापली प्रकरणं घेऊन पुढे आले. बारा मिनिटं एक इंग्लिश वाक्य नाही. तक्रार घेऊन जायचं असलं की आमची मुलं आईच्या भाषेत जातात, हे मला कुठल्या कॉलेजात कळलं नव्हतं. काका खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "चालू दे, बाप्पा. मारामारी झाली तरी चालू दे."

* * *

दुपारी बारा वाजता काकांचा स्वतःचा कार्यक्रम होता. 'परदेशातली एकतीस वर्षं', वेळ दहा मिनिटं. मी महिनाभर आधी सांगितलं होतं. काकांनी चष्मा पुसला, माईकसमोर आले.

"मी इथं आलो. काम केलं. लोकं चांगले भेटले. आता जातो. जय भीम."

आणि जाऊन पेटीजवळ बसले. अठरा सेकंद.

"काका, अजून साडेनऊ मिनिटं आहेत," मी कुजबुजले.

"मंग? सांगितलं ना सगळं."

दत्तादादा कोटाची बटणं उघडून पोहे खात होता. मी त्याला अक्षरशः ओढला. कागद संपले होते. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, घास गिळला, आणि त्याला जे सगळ्यात पक्कं पाठ होतं ते सुरू केलं. मनामाहून मुहर्रकच्या एअरपोर्टपर्यंतचा त्याचा रोजचा रूट.

"बसस्टँडवरनं निघालो. सिग्नल लाल. थांबलो. आता सुटला. डाव्या हाताला दोन बँका सोडायच्या. पुलावर आलो की उजवीकडे पाणी दिसतं, पण बघायचं नाय, समोर बघायचं."

साडेनऊ मिनिटांत तो एअरपोर्टला पोचला, प्रवासी उतरवले आणि बॅगा विसरू नका म्हणाला.

काकांनी दुरुस्त केलेला एक जुना रेडिओ आम्ही खालच्या रफीकभाई टेलरना दिला होता. हैदराबादचे, मराठीचा गंध नाही. ते नंतर म्हणाले, "बेटी, वो बसवाला प्रोग्राम बढ़िया था. मैं तो पुल पर ही समझ गया, कहाँ जा रहा है."

* * *

आता शेवटचा.

चार वाजता ताई तिच्या शिफ्टला गेली. मजकूर संपत आला होता, म्हणून साडेचारला दत्तादादाने कोकणातल्या जाखडी नाचाचं गाणं धरलं. दत्तादादाचा बोलण्याचा आवाज खणखणीत आहे. गाण्याबद्दल मी काही लिहीत नाही.

चार चाळीसला रफीकभाई धापा टाकत वर आले. "बेटी, पाँच मिनट से रेडिओ चुप है."

खोलीतल्या सेटवर तर स्वच्छ ऐकू येत होतं. काकांचा चेहरा उतरला. एरियल तुटली तरी पेटीशेजारचा सेट वाजतच राहतो, बाहेर मात्र काही पोचत नाही. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आम्ही गच्चीवर धावलो.

एरियलच्या तांब्याच्या तारेवर तीन ओल्या सोलापुरी चादरी. तार मधोमध तुटून लोंबत होती. पलीकडे काकू चौथी चादर पिळत होत्या.

"सामान बांधायचंय ना," काकू म्हणाल्या. "तीन वर्षांत तुम्ही घराच्या उपयोगाचं एक काम केलं म्हटलं, दोरी बांधली."

काकांनी चादरी उतरवून तार जोडली. चार पस्तीस ते चार सेहेचाळीस. अकरा मिनिटं.

खाली अबू युसुफ साहेबांची गाडी सकाळच्याच जागी होती. काचा वर, इंजिन चालू, आत एसी.

दत्तादादा म्हणाला, "आपण काय बोलायचं नाय. त्यांना डुलकी लागली असंल."

"नाही," काका म्हणाले. "खोटं बोलून आणलेली पेटी विहारात ठेवू?"

मी, जी दिवसभर सगळ्यांना खरेपणावर भाषणं देत होते, गप्प बसले. मला ती पेटी विहारात पोचायला हवी होती.

सहाला प्रसारण संपलं. साहेब वर आले. एका हातात तक्ता, दुसऱ्या हातात सील करायची पिशवी. काका उभे राहिले.

"सर, चार पैंतीस से ग्यारह मिनट बंद था. गलती हमारी है."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग पेटीकडे. तक्ता टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे फिरवला. शाळेत अरबी सक्तीची होती, ती पहिल्यांदा कामी आली. दर पाच मिनिटांनी एक नोंद होती. चार पस्तीस: पुरुष गातो आहे. चार चाळीस: अजून गातो आहे. चार पंचेचाळीस: अजून.

मी वाचून दाखवलं. काका म्हणाले, "लेकिन सर, तार तो..."

"खलास," साहेब म्हणाले. खाली सही केली, शिक्का मारला, सीलची पिशवी घडी घालून खिशात ठेवली. काका खुर्चीत बसले आणि किती तरी वेळ दोन्ही हात पेटीवर ठेवून राहिले.

साहेब दारापर्यंत गेले, वळले, आणि कोटातल्या दत्तादादाकडे पेन रोखून मला म्हणाले,

"गाना आया, मैं रेडियो बंद किया. इसको बोलो, बस चलाओ. गाना नहीं."