केसपेपरकाकांचा खडा

गंगाखेडच्या आमच्या गल्लीत कुणाचंही पोट दुखो, आधी केसपेपरकाकांना हाक जायची, मग डॉक्टरला. शाळेतून क्लार्क म्हणून रिटायर झालेला, एकटाच राहणारा हा माणूस परभणीच्या दवाखान्यात सगळ्यांची सोबत करायचा. केसपेपर काढायचा, डॉक्टरांना उलटसुलट प्रश्न विचारायचा आणि ऑपरेशन करायचं की नाही, हेही घरच्यांना सांगून टाकायचा. घरच्यांनाही तेच हवं असायचं.

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मी नववीत होते. आत नेताना काका म्हणाले, "कायी व्हत न्हाई, मी लय बघितलेत." हे ते प्रत्येकालाच म्हणतात, हे नंतर कळलं आणि मी आठवडाभर रुसले. मला वाटलं होतं, माझ्यापुरतंच आहे.

गेल्या दिवाळीनंतर काकांनाच उलट्या सुरू झाल्या. ब्याऐंशीचा जीव, हृदय कमजोर, अंगावर मांस म्हणून नाही. चार दिवस ओवा आणि काळं मीठ खात बसले, कुणाला बोलले नाहीत. असा राग आला मला! दुसऱ्याला तासाभरात दवाखान्यात पोचवणारा हा माणूस. शेवटी मीच गाडी करून परभणीला नेलं.

पित्ताशयातला मोठा खडा भिंत पोखरून आतड्यात उतरला होता आणि जठरातून अन्न पुढं जायच्या वाटेवरच अडकला होता. असं फार क्वचित होतं म्हणे. तोंडावाटे दुर्बीण घालून खडा फोडता आला असता. पण त्यासाठी संभाजीनगर गाठायचं, तो रस्ता त्यांना झेपेल का सांगता येत नव्हतं, आणि फुटलेला तुकडा पुढं जाऊन पुन्हा अडकायची भीती. नाहीतर इथंच पोट उघडून फक्त खडा काढायचा, पित्ताशयाला हात लावायचा नाही. पण हृदयाला भूल सोसेल याची खात्री नाही. नुसतं सलाईन लावून भागणार नव्हतं. संध्याकाळपर्यंत ठरवा, डॉक्टर म्हणाले.

मी सवयीनं काकांकडेच गेले. नाकात नळी, डोळे पंख्याकडे.

"मला इचारू नको पोरी. मला लय भ्या वाटायलंय."

काकाही भितात, हे कधी माझ्या मनातच आलं नव्हतं. तुमीच असं म्हणल्यावर मी काय करू, असं मी चिडूनच विचारलं.

"दर येळी भ्यायचो," ते म्हणाले. "लोकायला दाखवीत नव्हतो. आता तू ठरीव."

मी ऑपरेशन म्हणाले. कागदावर सही मीच केली. आत नेताना त्यांचंच वाक्य त्यांना म्हणावं असं फार वाटलं, पण जीभ उचलेना.

खडा निघाला, चांगला लिंबाएवढा. तिसऱ्या दिवशी काका बारीक आवाजात म्हणाले, "तू ठरीवलंस अन् मला झोप लागली बघ." मी हसले. पाचव्या दिवशी छातीत कफ भरला, सातव्या दिवशी काका गेले.

संभाजीनगरला नेलं असतं तर? अजून भाजी निवडताना मध्येच हात थांबतो.

परवा समोरच्या वहिनी आल्या. सासऱ्यांना परभणीला न्यायचंय, ऑपरेशन करावं का ते तुमीच बघून सांगा, म्हणाल्या. मला भीती वाटली. चेहऱ्यावर काही दिसू न देता मी चप्पल घातली.