बाई उठल्या तेव्हा

इतिहास घोकून येत नाही, हे माझं ठाम मत. तेलंगणात नार्नूरकडच्या आमच्या मराठी शाळेत त्यावरून हेडमास्तरांशी माझं कायम वाजायचं. एकदा ते म्हणाले, "बाई, उद्या अधिकारी येऊन राह्यले. मराठीचा वर्ग ठेवायचा का तेलुगूत मिसळून टाकायचा, ते पोरायची उत्तरं ऐकून ठरवणार. धडा पाठ करून घ्या."

धडा होता अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा. म्हटलं, पाठांतर गेलं चुलीत. पोरांना मैदानात नेलं आणि रस्सी आणली. एक लढाई म्हणजे एक रस्सीखेच. दांडगी पोरं घेतली दक्षिणेला, म्हणजे गुलाम राबवणाऱ्यांच्या बाजूला, बाकीची उत्तरेला. दक्षिणेच्या मागं वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा टाकला. हे कापसाचं शेत. आता त्यात गुलाम होऊन बसणार कोण?

कोणी हलेना. "आमी नाही बसत," एक पोरगी म्हणाली. शहाणी पोरगी. माझा आजा नेरडीगोंड्याकडे एका जमीनदाराच्या शेतात वेठीला राबलेला. मला त्याची लाज नाही वाटत, राग येतो. पदर खोचला आणि मीच बसले.

सुरुवातीच्या लढाया दक्षिणेनं मारल्या. खऱ्या युद्धातही बरंचसं तसंच झालं होतं. दक्षिणेचा म्होरक्या, वर्गातला सगळ्यात धटिंगण, रंगात येऊन माझ्यावर खेकसला, "बसून काऊन राह्यली? कापूस वेच." मग चपापला.

"बोल, बोल," मी म्हटलं. "मालक असाच बोलत असते."

उत्तरेची पोरं पुन्हा फरफटत निघाली, तशी मी उठले. चालत पलीकडे गेले आणि त्यांची रस्सी धरली. माझं वजन काही कमी नाही. दक्षिण तोंडावर आपटली.

"बाई, तुमी तं आमच्या होत्या!"

"मले विचारलं होतं का?"

म्होरक्या गुडघे झटकत माझ्याकडे पाहत राहिला. मग सगळ्यांना बसवून सांगितलं, की तिथले गुलामही असेच मळे सोडून निघाले आणि उत्तरेच्या फौजेत भरती झाले.

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "युद्ध कुठं फिरलं?" पुस्तकातलं उत्तर गेटिसबर्गची लढाई. हेडमास्तर मागून तेच पुटपुटत होते.

"बाई उठल्या तवा," अख्खा वर्ग म्हणाला.

खोटं कशाला बोलू. गेला आपला वर्ग, असंच वाटलं. पण उत्तर काही मी दुरुस्त केलं नाही. फक्त खेळ कसा झाला ते सांगितलं.

"पण बाई उठल्या का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

धटिंगण उभा राहिला. "आमी त्यायले कधी विचारलंच नाही," तो खाली मान घालून म्हणाला. "त्या आपल्याच हायेत, असं धरून चाललो."

अधिकारी तेलुगू माणूस, पण मराठी जाणणारे. ते हेडमास्तरांकडे वळले. "हे त्याला तेलुगूत सांगता आलं असतं?"

वर्ग राहिला. रस्सीखेच दरवर्षी होते, आणि आता पऱ्हाट्यांत मीच बसणार म्हणून पोरं भांडतात.