उंटाला लागलेला हात

दिवाकर रामटेके गेल्याचं मला सानिकानं सांगितलं. गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजले असतील. इतवारीतल्या माझ्या भांड्यांच्या दुकानासमोर एक टेम्पो आडवा लागला होता आणि मागचे हातगाडीवाले त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्या गोंधळात फोन कानाला लावला, तर पलीकडे मिहानमधल्या तिच्या ऑफिसची शांतता... आणि मग तिचा आवाज. ‘‘काका, दिवाकरकाका गेले. आंघोळ करून आले, खुर्चीत बसले अन् गेले. तुम्ही घरी पोचा, मीबी निघून राहिली.’’ मी हातातला पितळी गंज गिऱ्हाईकाच्या हातात दिला आणि शटर न ओढताच स्कूटर काढली. धरमपेठेत पोचेपर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. दिवाकरच्या बायकोनं, शालूवहिनींनी, आधी हिला कसं कळवलं? चाळीस वर्षांचा मित्र मी, आणि फोन त्या पोरीला? मित्र जाऊन तास झाला नव्हता आणि मी मानपान मोजत होतो. माणूस किती हलका असतो, ते अशा वेळी कळतं.

त्याला आता पाच आठवडे झाले. मला एका जागी बसवत नाही. रविवारी सकाळी दहा वाजले की पाय आपोआप चपलेत जातात. धरमपेठेच्या चौकापर्यंत जातो, पानठेल्याजवळ गाडी वळवतो आणि परत येतो. बायको म्हणते, ‘‘जायचं हाय तं जा ना, काहून अर्ध्यातून येता?’’ तिला काय सांगू? हा लेखही मी तीनदा लिहायला घेतला. पहिल्या दोन्ही वेळा तो ‘मनमिळाऊ स्वभाव’ आणि ‘निःस्वार्थ सेवा’ असल्या शब्दांनी भरला, म्हणून फाडला. दिवाकर मनमिळाऊ वगैरे काही नव्हता. खडूस होता. पोह्यांवर तर्री कमी पडली तर ठेलेवाल्याला पाच मिनिटं सुनावायचा.

वीज खात्यात तो मीटर तपासायचा. कुणाचं बिल अचानक वाढलं वा घटलं की इतरांना चोरीचा वास यायचा, हा आधी मीटर उघडायचा. ‘‘पयले मीटर तपासावं, मंग माणूस,’’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. उरलेला सगळा वेळ बुद्धिबळाचा. खेळाडू म्हणून तो बेताचाच, माझ्याहून दोन बोटं वर. पण पंच म्हणून त्याच्यासारखा डोळा मी पाहिला नाही. बुद्धिबळात एक कडक नियम आहे. आपल्या सोंगटीला हात लावला की तीच चालवायची. नुसती घरात नीट बसवायची असेल तर आधी तसं बोलून दाखवायचं आणि मगच हात लावायचा. स्पर्धेत त्यासाठी ठरलेला शब्द असतो, दिवाकरचा घरचा शब्द होता ‘‘सरळ करून राहिलो.’’ हे तो पटापुरतं ठेवत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर असो, ताटाशेजारचा पेला असो, हात लावण्याआधी ‘‘सरळ करून राहिलो.’’ माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाचं बाशिंग तिरपं झालं, तर हा पठ्ठ्या स्टेजवर चढला आणि मंगलाष्टकांच्या मधेच हेच म्हणत त्यानं ते नीट केलं. व्याही माझ्याकडे बघत राहिले.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा लेख फाटत राहिला. चौदा वर्षांपूर्वी आपल्या नागपुरात बारा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. कुठल्या कुठल्या देशांची पोरं आली होती. एसीच्या गारठ्यानं स्वेटर घालून, खुर्चीवर उशी ठेवून बसायची, तरी काहींचे पाय जमिनीला टेकत नसत. टेबलावर इवलेसे झेंडे, दोरीपलीकडे श्वास रोखलेले आईबाप. दिवाकर तिथं पंच होता. आंतरराष्ट्रीय पंचाच्या पदवीसाठी मोठ्या स्पर्धांमधल्या कामाचे चांगले अहवाल लागतात. त्याचे तीन जमले होते, चौथा इथं मिळायचा होता. त्यासाठी त्यानं नवा काळा कोट शिवला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा केसांना कलप लावला होता. मी तेव्हा नुकताच पंचाची साधी परीक्षा पास झालो होतो. आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी माझं नाव यादीत घातलं आणि मला त्याच्या शेजारच्या रांगेवर उभं केलं. सानिका त्या अध्यक्षांचीच मुलगी. अकरा वर्षांची, आणि पदकाच्या अगदी जवळ.

शेवटची फेरी. समोर उझबेकिस्तानची एक मुलगी, गाल तळहातावर टेकवून बसलेली. सानिकानं उंट दोन बोटांत धरला, किंचित उचलला, मग काहीतरी दिसलं असावं... सोडला, आणि हत्ती चालवला. समोरच्या मुलीनं हात वर केला. दिवाकर दोन पावलांवर होता. त्यानं वाकून हळू सांगितलं, उंटाला हात लागला आहे, उंटच चालवावा लागेल. उंट चालवला तर डाव जात होता. सानिका रडायला लागली, दोरीपलीकडून तिच्या वडिलांचा आवाज चढला, घड्याळं थांबवली, तक्रार झाली आणि तिघांची समिती बसली. दोन पोरींची दोन म्हणणी, एका पंचाचा शब्द. मग समितीनं मला बोलावलं. शेजारच्या रांगेवर तुम्ही होता, तुम्ही काय पाहिलं?

दिवाकर माझ्याकडे बघतही नव्हता. त्याला खात्री होती. कशाला बघेल?

मी म्हणालो, ‘‘माझं लक्ष दुसऱ्या टेबलावरच्या घड्याळाकडे होतं. मला दिसलं नाही.’’

मला दिसलं होतं. आज दिसतो त्यापेक्षा स्वच्छ दिसला होता तो उंट, पटापासून बोटभर वर.

समितीनं सानिकाला संशयाचा फायदा दिला, हत्तीची चाल कायम राहिली, ती जिंकली आणि तिला कांस्य मिळालं. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, त्यात माझ्याही होत्या. दिवाकरच्या अहवालात ‘खात्री न करता हस्तक्षेप’ असं आलं. पदवी राहूनच गेली. पुढे त्याला कुणी मोठ्या स्पर्धेला बोलावलं नाही. शाळांच्या स्पर्धा मात्र त्यानं शेवटपर्यंत केल्या, पिशवीत घड्याळं घालून, तोच काळा कोट घालून. मी खोटं का बोललो? अध्यक्षांची मर्जी राखायची होती, हे झालं सांगायचं कारण. गावात राहायचं तर गावाच्या पोरीविरुद्ध कसं बोलायचं, हेही होतं. पण खरं सांगू का? दिवाकर मोठा पंच होणार आणि मी भांडीवाला तो भांडीवालाच राहणार, हे त्या कोटाकडे बघून सकाळपासून मला टोचत होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे आणि लिहिताना दोनदा उठून गॅलरीत जाऊन आलो.

स्पर्धेनंतर पंधरा दिवसांनी दिवाकर दुकानात आला. म्हणाला, ‘‘चाल गा मनोहर, डोळे तपासून घेऊ. तुह्या चष्म्याचा नंबर वाढला असन.’’ मी नको नको म्हणत असताना त्यानं मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, शेजारी बसला. डॉक्टरांनी काचा बदलून बदलून पाहिलं आणि म्हणाले, ‘‘नंबर तोच आहे. डोळे उत्तम आहेत तुमचे.’’  दिवाकर म्हणाला, ‘‘बरं झालं.’’ बाहेर येऊन आम्ही चहा प्यायलो. त्यानं मीटर तपासलं होतं. माणूस तपासायचं त्यानं सोडून दिलं... की तपासून झालं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणखी काही महिन्यांनी, एका रविवारी, आम्ही त्याच्या घरी खेळत असताना सानिका आली. एकटीच, सायकलनं. दारात उभी राहूनच म्हणाली, ‘‘काका, मी उंटाले हात लावला होता.’’ अकरा वर्षांची पोर.  दिवाकरनं तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मले मालूम हाय. बस वं, पोहे खा. अन् घरी आताच काही सांगू नको, बाप पदक फेकून देईन.’’ मग माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता विचारेल. विचारावं, असंही वाटलं. तो म्हणाला, ‘‘तुही चाल हाय.’’ मी घोडा चालवला. त्या दिवसापासून सानिका त्या घरची झाली. दर आठवड्याला यायची, नोकरी लागल्यावरही. मीही दर रविवारी जात होतो. ती बोलून मोकळी झाली होती आणि मी चौदा वर्षं फक्त सोंगट्या चालवत होतो. पोरीचं पदक जाईल म्हणून गप्प आहे, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. हा लेख लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘‘लिहा काका. मी घरी केव्हाच सांगितलं. तुम्हीच राहिले होते.’’

तुम्हीच राहिले होते. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

तो गेला त्याच्या आधीच्या रविवारचा डाव अर्धवट राहिला होता. वहिनींनी जेवायला हाक मारली आणि दिवाकर उठला. ‘‘तुही चाल हाय, पुढच्या रविवारी सांग,’’ म्हणाला. गेल्या रविवारी मी पानठेल्यावरून गाडी वळवली नाही. वहिनींनी दार उघडलं. पट तसाच होता. पटाभोवतीची धूळ पुसलेली, सोंगट्यांवरची तशीच. ‘‘हात नाही लावला मी,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् भाऊजी, त्या दिवशी तुमाले फोन नाही करता आला. मले एक सानिकाचाच नंबर पाठ हाय.’’ इतके दिवस मी जे उगाळत बसलो होतो, ते एवढंच होतं.

मी माझ्या खुर्चीत बसलो. समोरच्या खुर्चीवर त्याचा टॉवेल होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. माझा एक उंट घराच्या कडेला तिरपा उभा होता. दिवाकरला असं चालायचं नाही. मी हात पुढे केला आणि तो मधोमध बसवला. वहिनी कधी दारात येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही.

‘‘भाऊजी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘बोलले नाही तुमी. आता थोच चालवा लागते ना?’’

त्या कधीच खेळल्या नाहीत. पण त्या घरात तीस वर्षं काढल्यावर एवढं येणारच. मी उंटाकडे पाहत राहिलो, आणि पाहता पाहता तोंडातून निघून गेलं, ‘‘वहिनी, त्या स्पर्धेत पोरीनं हात लावला होता. मी पाहिलं होतं.’’

 आत दूध उतू गेलं, वास आला, तरी त्या हलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘‘मंग तेव्हा काहून नाही सांगितलं?’’

वर लिहिलेली सगळी कारणं माझ्याकडे होती.  मी उंट उचलला आणि तिरका नेऊन ठेवला. डाव गेला होता, हे मला ठेवतानाच दिसत होतं. डोळे उत्तम आहेत माझे.

वहिनी पटाजवळ आल्या.

‘‘आता कोणाची चाल हाय?’’

‘‘त्याची,’’ मी म्हणालो.