अंतरा नसलेली तोडी

आमचा कार्यक्रम दीड तासाचा असतो. त्याच्या आधी आणि नंतर जे घडतं ते मात्र आम्हाला पुढचे कित्येक दिवस पुरतं. गाडीच्या डिकीत तबला, व्हायोलिन, तानपुरा ठेवून जी फट उरते तिथं हे किस्से जाऊन बसतात बहुतेक. दर प्रवासात एखादा वाढतोच.

आम्ही तिघं. मी गाते. इम्रान तबला वाजवतो, तो नांदेडचा. गजानन व्हायोलिन वाजवतो, तो लोह्याचा, त्याला सगळे गज्याच म्हणतात. तिघंही रीतसर गुरूपुढं बसून शिकलेले. तरी आम्ही मैफल करत नाही. ख्याल घेतो, मोडतो, त्यात गावाकडची ओवी घालतो, मध्येच नुसता तबला आणि नुसता श्वास. याला काय म्हणायचं ते आम्हालाही माहीत नाही. लोकांना तर नाहीच.

*

मुखेडला संयोजकांनी स्टेजवर मोठा फ्लेक्स लावला होता. त्यावर लिहिलं होतं, 'भव्य ऑर्केस्ट्रा'.

आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की सिनेमाची गाणी, धूर सोडणारं मशीन आणि नाच. बाजारचा दिवस होता, गर्दी तुडुंब. पहिल्या रांगेतले एक काका पहिलं गाणं शांत बसून ऐकत होते. दुसरंही ऐकलं. मग उठून स्टेजपाशी आले आणि इम्रानला हळूच विचारलं, डान्सर कधी येणार.

इम्राननं तबला जुळवायची हातोडी खाली ठेवली आणि गंभीरपणे गज्याकडं बोट केलं. "हे काय, बसलेत की. मूड लागला की उठतील."

काका जागेवर जाऊन बसले. कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी गज्यावरची नजर हलवली नाही. गज्या म्हणतो, इतकं लक्ष देऊन माझं व्हायोलिन आजवर कुणी ऐकलेलं नाही.

*

आता आप्पांबद्दल सांगते, कारण बाकीचं सगळं त्यांच्याभोवतीच फिरतं.

आप्पा माझे गुरू. लातूरला मार्केट यार्डात त्यांची तुरीची आडत आहे. खाली सौदे, वर गाणं. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून त्या जिन्यानं चढतेय. आप्पांचा एक नियम आहे : राग ज्याच्या त्याच्या वेळेलाच. सकाळचा सकाळी, संध्याकाळचा संध्याकाळी. एका मुलाची एसटी रोज दुपारीच पोचायची, तर तो बिचारा वर्षानुवर्षं सारंगच शिकला. बाकीचे राग असतात हे त्याला ऐकून माहीत होतं.

हा नियम का, असं मी लहानपणापासून विचारत आलेय. मोठ्या माणसांना 'का' विचारलं की त्यांना एकदम तहान लागते. आप्पा तांब्याकडं हात न्यायचे.

गेल्या वर्षी त्यांनी मला तोडीतली एक बंदिश द्यायला घेतली. त्यांच्या गुरूंची, कुठंही न छापलेली, कुठंही रेकॉर्ड नसलेली. यूट्यूब उलटं करून झाडलं तरी ती सापडत नाही. बंदिशीचे दोन भाग असतात, आधी स्थायी, मग वर चढणारा अंतरा. स्थायी माझ्या गळ्यात बसली. मी इतकी खूश झाले की तीच आमच्या नांदेडच्या कार्यक्रमात घेतली. संध्याकाळी. तोडी, जी सकाळची!

कुणीतरी व्हिडिओ काढला, कुणीतरी तो आप्पांच्या मोबाईलवर पोचवला. पुढच्या वेळी जिना चढून गेले तर आप्पा मोबाईल मांडीवर ठेवून बसलेले.

कार्यक्रम किती वाजता होता, विचारलं. साडेसातला, मी म्हटलं. "सकाळी?" त्यांनी विचारलं.

मग मलाही राग आला. "आप्पा, एसी हॉल होता. खिडकीसुद्धा नव्हती. आत किती वाजलेत हे रागाला कसं कळणार?"

"रागाला न्हाई कळत," आप्पा म्हणाले. "तुला कळत होतं न्हवं?"

बाकीची तालीम त्यांनी चालू ठेवली. यमन झाला, बागेश्री झाली. तोडीचा अंतरा मात्र त्या दिवसापासून बंद. मी एकदा विषय काढला तर खालच्या हमालाला हाक मारून त्यांनी पोती मोजायला लावली.

तो अंतरा मला हवा होता. आजही सांगते, मला कुठला पुरस्कार नको होता, तो अंतरा हवा होता. आणि तो या जगात एकाच माणसाकडं होता, जो माझ्याइतकाच हट्टी होता.

*

अंतऱ्याशिवाय बंदिश म्हणजे शेंडा नसलेलं झाड. गज्या म्हणाला, दुसऱ्या बंदिशीचा अंतरा जोडू, कुणाला कळतंय. मला कळलं असतं. शेवटी असं ठरलं की मी स्थायी गाऊन थांबायचं, आणि जिथं अंतरा यायचा तिथं गज्यानं एकट्यानं व्हायोलिन वाजवायचं.

नांदेडच्याच एका कॉलेजात हे सादर केलं. कार्यक्रमानंतर एक प्राध्यापक मंचावर आले आणि भारावून बोलायला लागले. अंतरा नाकारणं हे बंड आहे, म्हणाले. परंपरेच्या शिखरावर पाय न ठेवता परत फिरण्याचं धाडस या तरुण मुलीनं दाखवलंय.

मी मान खाली घालून नम्रपणे उभी होते. मागून इम्रान पुटपुटला, "सर, शिखराची चावी आप्पांकडं हाय."

*

इम्रान त्याच्या मामूंकडं शिकला. गवई-वादकांमध्ये रीत आहे, गुरूचं नाव घेतलं की कानाच्या पाळीला हात लावायचा. इम्रान ती रीत काटेकोर पाळतो. अडचण एवढीच, की गाडीही तोच चालवतो आणि त्याच्या प्रत्येक गोष्टीत मामू असतात.

लोह्याच्या अलीकडं रस्ता किती चांगला आहे ते जाणाऱ्या-येणाऱ्यांना माहीत आहे. खड्डा आला की नेमका त्याचा हात कानाला. गज्यानं शेवटी फर्मान काढलं, लोहा येईपर्यंत मामूंचं नाव घ्यायचं नाही.

इम्रान कबूल झाला. गाडी शांत. जरा पुढं गेलो तोच त्याचा हात पुन्हा कानाला गेला आणि आम्ही तिघंही सीटवरून उडालो.

"अरे, आता कुठं नाव घेतलंस?" गज्या ओरडला.

"घेतलं नै, मियाँ," इम्रान म्हणाला. "आठवण आली."

*

लातूरला गल्लोगल्ली कोचिंग क्लास. त्यातल्या एका संचालकांना कुठूनतरी कळलं की संगीतानं एकाग्रता वाढते. त्यांनी आम्हाला बोलावलं आणि आधी केबिनमध्ये बसवून चौकशी केली. फिजिक्सला कोणता राग चालेल? बायोलॉजीला वेगळा लागेल का? मला हसू येत होतं, पण खरं सांगायचं तर कुतूहलही वाटलं. आप्पा रागाला घड्याळाशी बांधतात, हे सर विषयाशी बांधत होते. फरक काय?

तिथं सगळी मुलं डॉक्टर होण्यासाठी आलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. गज्यानं मालकंस सुरू केला. संथ, खालच्या सुरात. बघता बघता मागच्या बाकांवरच्या माना कलायला लागल्या, मग मधल्या, मग पुढच्या. मालकंस संपला तेव्हा हॉलमध्ये फक्त पंखे आणि श्वास.

संचालक घाबरेघुबरे होऊन आले. शांत वाटेल पण झोप येणार नाही, असा एखादा राग नाही का, विचारलं.

"आहे ना सर," इम्रान म्हणाला. "त्याला चहा म्हणतात."

निघताना मुखेडकडची एक मुलगी जिन्यात धावत आली. म्हणाली, ताई, पुन्हा या. घर सोडल्यापासून अशी झोप पहिल्यांदा लागली.

*

उदगीरचा किस्सा आमच्यावरच उलटलेला आहे.

भैरवी ही नेहमी मैफलीच्या शेवटी. गज्याला एका चहाच्या टपरीवर प्रश्न पडला, शेवटीच का? मला तर असे प्रश्न आवडतातच. ठरलं, उदगीरला भैरवीनंच सुरुवात करायची.

केली. सुरेख लागली. संपली आणि पुढच्या रांगेतल्या तीन आजोबांनी हात जोडले, उपरणी सावरली, चपला शोधायला लागले. ते उठले म्हणून मागचे उठले. सेक्रेटरी लगबगीनं माइकवर आले आणि त्यांनी आभार मानायला सुरुवात केली. मी हातवारे करतेय, थांबा, अजून सगळं बाकी आहे, तोवर माझ्या हातात नारळ आणि अंगावर शाल.

पंगत वाढलेलीच होती. आम्ही गव्हाच्या खिरीसारखी गोड हुग्गी खाल्ली आणि परत निघालो.

ही बातमी आमच्या आधी लातूरला पोचली. आप्पांच्या मुनीमजींनी मला नंतर सांगितलं की ऐकून आप्पा गादीवर लोळून हसले. मी विचारात पडले. आप्पा हसताना कसे दिसतात, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

*

आणि मग लातूरचा कार्यक्रम. संध्याकाळचा. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनीच ठेवलेला.

विंगेतून डोकावले तर पहिल्या रांगेत, सोफ्यावर, आप्पा. धुवट धोतर, कपाळाला भस्म, हात मांडीवर. आमच्या कार्यक्रमाला ते पहिल्यांदाच आले होते. व्यापारी म्हणून आले की गुरू म्हणून, कळायला मार्ग नव्हता.

तोडी यादीत होती. गज्या म्हणाला, काढून टाकू, पूरिया घेऊ, वेळही त्याचीच आहे. इम्रान म्हणाला, आज तोडी गायलीस तर तो अंतरा कायमचा गेला समज. तेही मला दिसत होतं. पण आप्पा नसताना संध्याकाळी तोडी गायची आणि आप्पा दिसले की वेळ पाळायची, म्हणजे मी चोरीच करत होते असं झालं असतं. मी चोरी करत नव्हते. मला ती खरंच संध्याकाळीही सुंदर वाटते.

"तोडीच," मी म्हटलं.

डोळे मिटून सुरुवात केली. स्थायी भरली. आप्पांकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, बघितलं नाही. स्थायीचा मुखडा घेऊन समेवर आले आणि थांबले. इथून पुढं गज्याचं व्हायोलिन. गज्यानं गज उचलला.

आणि अंतरा ऐकू आला.

सोफ्यावरून. माइक नाही, काही नाही. यार्डातल्या लिलावात बसलेला तो आवाज सरळ वरच्या षड्जाला जाऊन टेकला. गज्याचा हात गजासकट हवेतच राहिला. इम्राननं ठेका सोडला नाही, नुसता मऊ केला.

आप्पा एक ओळ गायले, थांबले आणि भुवया उचलून माझ्याकडं बघितलं. लहानपणापासून तालमीत बघतात तसं. मी ओळ म्हटली. त्यांनी मान हलवली. न्हाई. पुन्हा गायले. मी पुन्हा म्हटली. पुन्हा मान. माझा गंधार चढत होता, मला कळत होतं.

लोकांना वाटलं हे सगळं बसवलेलंच आहे. मोबाईल वर झाले, टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला.

आप्पा सोफ्यावरून उठले, मागं वळले आणि अख्ख्या हॉलवर हात उगारला.

"टाळ्या थांबवा जरा. पोरीची ओळ बसली न्हाई अजून."