टेपवर नसलेली कुस्ती

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. स्लाइडवर जे दिसतं तेवढंच रिपोर्टमध्ये लिहायचं, आपल्या मनातलं घालायचं नाही — हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा. कुणी भूतखेत, संकेत, दृष्टांत असं काही बोलायला लागलं की मी चहा टाकायला उठते. त्यामुळे इथे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले. पण या सदरात तुम्ही सगळे मोकळेपणाने लिहिता, म्हणून जसं घडलं तसं सांगते. वाढवून काही सांगत नाही.

आमचे वडील, अण्णा, मूळचे निफाडकडचे. तरुणपणी तालमीतले पैलवान. गावोगावच्या जत्रांत कुस्त्या केल्या, मग पाटबंधारे खात्यात लागले आणि आम्ही नाशिकला गंगापूर रोडला राहायला आलो. नव्वदच्या दशकात घरी केबल आली आणि माझा धाकटा भाऊ विलास त्या अमेरिकन रेसलिंगच्या पार आहारी गेला. अण्णांना आधी राग यायचा. "लुटुपुटूची हाय समदी. ह्याला काय कुस्ती म्हंत्यात व्हय!" आई तर टीव्हीसमोरून जाताना पदर आडवा धरायची, एवढाले उघडे बाप्ये बघायला नकोत म्हणून. पण हळूहळू अण्णाही खुर्ची ओढून बसायला लागले, आणि मग त्यांनी मार्क द्यायची पद्धत काढली. दहापैकी. डावाला पाच, पडण्याला तीन, सोंगाला दोन.

"पडण्याला कसले मार्क, अण्णा?" मी एकदा विचारलं होतं.

"आगं, पाडणं सोपं हाय. आपल्याला लागू न देता आन् समोरच्याची इज्जत राखून पडायचं, त्ये अवघड. ही सोंगाडी आसंना, पण पडत्यात लय झ्याक."

विलासने त्यातला एक कार्यक्रम टेपवर उतरवून घेतला होता. सहा कुस्त्या. ती टेप आम्ही तिघांनी किती वेळा पाहिली असेल देव जाणे... कोणती कुस्ती कधी संपते, टकल्या पैलवान कोणत्या क्षणी दोर सोडून उडी मारतो, सगळं पाठ. अण्णा प्रत्येक वेळी नव्याने मार्क द्यायचे आणि विलास त्यावर हुज्जत घालायचा. आमच्या घरातला खरा गोंगाट तो.

२००१च्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द फुटायचा नाही. फक्त "आ... आ..." आणि डोळ्यांत पाणी. डॉक्टर म्हणाले, त्यांना आवडीच्या गोष्टींत गुंतवा. म्हणून मी ती टेप पुन्हा काढली. अण्णा डाव्या हाताची बोटं वर करायचे. पाचपैकी मार्क. मी मोठ्याने म्हणायचे, "तीन? एवढेच?" मग ते अर्ध्या तोंडाने हसायचे.

२००२च्या द्राक्षाच्या सीझनमधली गोष्ट आहे. विलास तेव्हा पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाउसमध्ये होता. द्राक्षं पेट्यांत भरायची, थंड करायला चेंबरमध्ये लावायची, मग गाड्या भरायच्या — तिथली देखरेख त्याच्याकडे. त्या दिवशी आई तिच्या बहिणीकडे ओझरला गेली होती, म्हणून मी रजा घेऊन माहेरी थांबले होते. अण्णांना भरवलं, उशा लावून पलंगावर टेकवून बसवलं आणि टेप लावली. दुपारचे अडीच वाजले असतील. लख्ख ऊन, खाली भंगारवाल्याची आरोळी. झोप वगैरे काही आली नव्हती मला. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे सगळ्यांनी हेच विचारलं.

पहिली कुस्ती झाली, तीन बोटं. दुसरी झाली, चार. आता टकल्या यायला हवा होता...

पडदा क्षणभर पांढरा झाला आणि भलतंच काहीतरी सुरू झालं. चारही बाजूंनी लोखंडी जाळीचा पिंजरा. तशा पिंजऱ्यातल्या कुस्त्या त्या लोकांत असतात, पण आमच्या टेपवर एकही नव्हती. आवाज अजिबात नाही — ना प्रेक्षकांचा, ना घंटेचा. आत एकच माणूस, आपल्याकडे पाठ करून. तो दोन्ही हातांनी जाळीचं दार बडवत होता. त्याच्या तोंडातून वाफ येत होती, थंडीत येते तशी.

मला वाटलं, विलासने यावर दुसरंच काहीतरी टेप करून घेतलं. थोडी चिडलेच.

मग तो माणूस दोन पावलं मागे सरला, वाकला आणि मांडीवर सणसणीत थाप मारली. शड्डू ठोकला! आपल्या लाल मातीतल्या पैलवानासारखा. मी आजवर इतक्या रेसलिंगच्या कुस्त्या पाहिल्या, एकाही गोऱ्या पैलवानाने असं केलेलं पाहिलं नाही.

"दार उघड."

मी दचकून वळले. अण्णा बोलले होते. आवाज घोगरा, पण शब्द स्वच्छ.

खरं सांगते, भीती वाटलीच नाही. मला आनंद झाला! चार महिन्यांनी त्यांचा आवाज ऐकत होते मी. त्यांचा हात धरून रडत-हसत म्हणत होते, "अण्णा, परत बोला ना... परत बोला!"

"दार उघड, सुमे. इलास आत हाय."

माझ्याकडे बघतही नव्हते ते. नजर टीव्हीवर, आणि डाव्या हाताने चादर अशी मुठीत धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मी हॉलमधून पॅकहाउसला फोन लावला. ऑफिसातल्या कारकुनाने उचलला. म्हणाला, "विलासभाऊ टेम्पोबरोबर गेलेत नाशिकला, द्वारकेच्या चौकात, पॅकिंगचं सामान आणायला. बाराच्या पुढेच निघाले. काही निरोप?"

मी म्हटलं, "नाही, सहज केला," आणि ठेवून दिला.

आत येऊन अण्णांना सांगितलं, "विलास नाशकातच आलाय. द्वारकेला. येताना डोकावेल बघा." पडद्यावरचा तो माणूस आता खाली बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन. चेहरा गुडघ्यांत. मी अण्णांच्या शेजारी बसले. रिमोट हातात होता, पण बंद करावंसं वाटेना... थोड्या वेळाने तो कुशीवर कलंडला. सावकाश. आधी खांदा, मग डोकं.

अण्णा म्हणाले, "ह्यो पडायचं सोंग नाय करत, सुमे."

तोंडातली ती वाफ... पॅकहाउसचं थंड चेंबर! मी धावत जाऊन पुन्हा नंबर फिरवला. या वेळी कुणा बाईने उचलला. हिराबाई, तिथे द्राक्षं निवडायला होत्या. नाव मला नंतर कळलं.

"कारकून भाऊ जेवाया गेलं. कोन बोलतंय?"

"मी विलासची बहीण. विलास टेम्पोत बसताना तुम्ही स्वतः पाहिलात का?"

"म्या नाय पाह्यलं बाई. समदे म्हनत्यात गेला."

"कोणी पाहिलंय का?"

त्यांनी तिथल्या बायकांना विचारलं. कुणीच पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, तुमच्या पाया पडते. चेंबरचं दार उघडून बघा."

"आता कसं उघडू? माल गार व्हायला लावलाय. सांच्यापारी उघडत्यात. सायेब वरडतील ना."

"ओरडू द्या! माझं नाव सांगा. पण आत्ता उघडा... आत्ता!"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग चपलांचा. त्यामागे मशीनची एकसारखी घरघर. मी कानाला रिसीव्हर दाबून उभी. किती वेळ, सांगता येणार नाही. मग लोखंडी कडी सरकल्याचा खणखणाट, आणि हिराबाईंची किंकाळी — "आगं आय गं! पळा रे! इलासभाऊ!"

विलास बाराच्या पुढे माल बघायला आत गेला होता. कुणीतरी दार उघडं राहिलंय असं समजून बाहेरून लावून घेतलं. आतून उघडायचा खटका जाम झालेला. टेम्पो ड्रायव्हर एकटाच निघून गेला आणि सगळे धरून चालले की विलास त्याच्याबरोबर आहे. अंगात पातळ शर्ट, तोही धुतलेल्या फरशीवर भिजलेला. बाहेर काढला तेव्हा शुद्धीवर नव्हता. पिंपळगावच्या दवाखान्यात नेलं, गरम पाण्याच्या पिशव्या, सलाईन... डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत राहता तर काही हाती लागलं नसतं.

मी फोन ठेवून आत आले तेव्हा पडद्यावर टकल्या दोरावरून उडी मारत होता. प्रेक्षक ओरडत होते. अण्णा गाढ झोपले होते, मूठ सुटलेली.

ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. त्यानंतर चार वर्षं होते, २००६ला गेले. मी किती प्रयत्न केले — टेप लावून, विलासला समोर बसवून. फक्त "आ... आ..." त्यांच्या न्यूरोच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून भावनेच्या भरात एखादं वाक्य सुटून जातं, होतं असं. होत असेल. पण नेमकं हेच वाक्य का, ते त्यांना मी विचारलं नाही.

टेप मी दुसऱ्याच दिवशी पाहिली. सहा कुस्त्या. दुसरीनंतर टकल्या, मध्ये एक सेकंदही जास्तीचा नाही. विलासने शपथेवर सांगितलं की त्या टेपला त्याने नंतर हात लावलेला नाही. तो घरी आल्यावर मी विचारलं, आत काय केलंस? पिंजऱ्याचं, शड्डूचं मी कुणालाही बोलले नव्हते. तो म्हणाला, "आधी दार बडवलं, ओरडलो. घसा बसला, ताई. मग अंग तापवायला शड्डू ठोकत राहिलो, अण्णांनी शिकवलेला. मग बसलो. पुढचं आठवत नाही."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, डुलकी लागली असेल तुला. नातेवाइकांत माझं कौतुक होतं. सुमनने भावाला वाचवलं, सुमनच्या मनाने कौल दिला... लग्नकार्यात अजून ही गोष्ट निघते आणि विलास सगळ्यांसमोर माझ्या पाया पडतो. मला तिथून पळून जावंसं वाटतं.

कारण दोन फोनच्या मधलं मी कुणाला सांगितलेलं नाही. विलासलाही नाही. पहिला फोन ठेवल्यावर मी लगेच दुसरा केला, असंच सगळे धरून चालतात. तसं नव्हतं. मध्ये पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. तो माणूस बसला, मग कलंडला, तेवढा वेळ. टेपवर ते कसं दिसलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि आता मिळेल असंही वाटत नाही. त्याच्याशिवाय जगता येतं. पण त्या पाच-सात मिनिटांत माझा भाऊ तिकडे थंडीने गारठत होता, आणि मी पलंगावर मांडी घालून बसून ते बघत होते.